वाळक्या काठीला पाणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो, मार्गशीर्ष लागला की आपल्या घराघरांतून गुरुचरित्राची पोथी निघते. चौरंग मांडला जातो, समई लागते आणि सप्ताह सुरू होतो. आमच्याकडच्या प्रथेप्रमाणे सहाव्या दिवशी एकोणचाळीस ते त्रेचाळीस हे अध्याय येतात. त्यातला चाळिसावा अध्याय मी कितीतरी वर्षे वाचला. वाचला म्हणजे काय, तोंडाने वाचला. तो कळायला मला पासष्टी गाठावी लागली. ते कसे, हे आज सांगायचे आहे. त्यात माझी लाज आहे, पण ती झाकून प्रवचन करण्यात अर्थ नाही.

आधी कथा. आपल्याला ठाऊकच आहे, तरी उजळणी करू. नरहरी नावाचा एक ब्राह्मण. अंगावर कुष्ठ उठलेले. यजुर्वेद शिकलेला, पण त्याला कोणी पंगतीला बोलवीना, सकाळी त्याचे तोंडही पाहीना. तीर्थे केली, व्रते केली. शेवटी आता देह ठेवावा असे म्हणत तो गाणगापुरी श्रीनृसिंहसरस्वतींच्या पायांशी आला. तेवढ्यात कोणीतरी सरपणासाठी औदुंबराचे एक वाळलेले लाकूड घेऊन जात होता. महाराजांनी ते नरहरीला घ्यायला लावले आणि सांगितले, संगमावर जा, हे लाकूड नदीकाठी रोव, स्नान करून त्याला पाणी घाल. त्याला पालवी फुटेल त्या दिवशी तुझे शरीर शुद्ध होईल.

नरहरीने काठी रोवली आणि त्रिकाळ पाणी घालू लागला. सात दिवस उपास. लोक हसले. म्हणाले, ‘अरे, वाळके लाकूड कधी फुटते का? महाराजांना तुला नाही म्हणवले नाही, म्हणून ही सबब काढली.’ हा म्हणाला, गुरूंनी सांगितले आहे, मी घालणार. मग महाराज स्वतः संगमावर गेले, त्याची निष्ठा पाहिली, कमंडलूतले पाणी त्या काठीवर शिंपडले, आणि काठीला पालवी फुटली. नरहरीची काया सोन्यासारखी झाली. महाराजांनी त्याचे नाव ‘योगेश्वर’ ठेवले.

इथे आपण हात जोडतो आणि पान उलटतो. मीही उलटत होतो.

मी कल्याणचा. एकतीस वर्षे लोकलने नोकरीला जा-ये केली. ठाकुर्ली सुटून कल्याण यायच्या आत पत्रीपूल लागतो. जुना पूल इंग्रजांच्या काळातला, तो २०१८ मध्ये पाडला आणि २०२१ मध्ये नवा सुरू झाला. पुलाच्या त्या परिसरात कचोऱ्याला हनुमाननगर म्हणून कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. एकतीस वर्षांत मी तिच्या जवळून किती हजार वेळा गेलो असेन! पण तिकडे कधी पाहिले नाही. त्या वेळी मी पेपर उघडत असे किंवा डबा आवरून दारापाशी जात असे.

आमच्या देवळाच्या पायरीवर दर गुरुवारी एक वयस्कर गृहस्थ बसत. हातांची बोटे झिजलेली, पायांना फडकी गुंडाळलेली. आरती झाली की मी शिऱ्याचे द्रोण वाटायला खाली येई. सगळ्यांच्या हातात द्रोण देत असे. या गृहस्थांपाशी मात्र हात थोडा वरच ठेवून द्रोण खाली सोडत असे. त्याला मी ‘देणे’ म्हणत होतो. एका सप्ताहात सकाळी मीच चाळिसावा अध्याय वाचला आणि संध्याकाळी तसाच द्रोण सोडला. तो त्यांच्या हातावरून निसटला, शिरा पायरीवर पडला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांनी गोळा केला आणि म्हणाले, ‘असू दे, काका. सांडला तरी प्रसादच.’

माझ्या कानशिलांत ऊन आले. पण मी काही बोललो नाही. वर गेलो, हात धुतले. पुढच्या गुरुवारी माफी मागू म्हटले, तेव्हा गर्दी होती. त्याच्या पुढच्या गुरुवारीही कसलेसे निमित्त निघाले. मग ते दिसेनासे झाले. फुलवालीला विचारले तर म्हणाली, ‘ते गेले की हो, महिना झाला.’ नाव काय त्यांचे, म्हटले. तिलाही ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत त्यांचे नाव विचारावे असे आमच्यापैकी एकालाही वाटले नव्हते.

त्या रात्री पोथी उघडून तो अध्याय पुन्हा वाचला आणि एक प्रश्न पडला. महाराज समर्थ होते. नुसता हात फिरवला असता तरी नरहरी बरा झाला असता. मग वाळकी काठी कशाला? सात दिवस पाणी कशाला? माझ्या अल्पबुद्धीला जे उत्तर सुचले ते असे. ज्याला सगळ्यांनी ‘दूर हो’ म्हटले, त्याला महाराजांनी काम दिले. ज्याच्या हातचे पाणी कोणी घेत नव्हते, त्याच्या हातून त्यांनी पाणी घालवले, आणि तेही कोणत्या झाडाला? तर ज्याच्या छायेत दत्तप्रभू राहतात त्या औदुंबराला! म्हणजे शरीर बरे होण्याआधीच त्याचे माणूसपण त्याला परत मिळाले होते.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. पोथीत हा रोग पापाचे फळ म्हणून येतो. तो त्या काळचा समज होता. १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन नावाच्या डॉक्टरांना या रोगाचा जंतू सापडला. जसा क्षयाचा जंतू, तसा हा. त्याचा पापपुण्याशी संबंध नाही. बहुतेकांच्या शरीरात या जंतूशी झगडण्याची शक्ती उपजत असते. शिवाय १९८०च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आला. सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्यायच्या, सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात. उपचार सुरू झाला की रोग दुसऱ्याला लागण्याची भीती लवकरच सरते. आपल्याला जी झडलेली बोटे दिसतात ती बहुधा जुन्या दुखण्याची खूण असते. रोग कधीच बरा झालेला असतो. आपण घाबरतो ते व्रणाला!

आणि तरीही २०१९ सालापर्यंत आपल्या कायद्यात नवरा किंवा बायकोला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण होते. त्या वर्षी ते कलम काढले गेले. कायदा सुधारला. आपले हात सुधारले का, हे ज्याचे त्याने पाहावे. पोथीतला ‘पाप’ हा शब्द तेवढा आपण उचलला आणि त्याच पोथीत गुरूंनी त्याला जवळ बोलावले, हे सोडून दिले. वाचनातली ही चूक माझी होती, पोथीची नव्हे.

आपल्या महाराष्ट्रात हे गुरुवचन जगून दाखवणारी माणसे झाली. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले. वरोऱ्याला बाबा आमटे आणि साधनाताईंनी आनंदवन उभे केले. दोन्ही ठिकाणी रुग्णाच्या हाताला काम दिले गेले. नुसती भाकरी पुढे टाकली नाही. आणि फार लांब कशाला जायचे? आपल्या डोंबिवलीचे गजानन माने. नौदलातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी याच पत्रीपुलाजवळच्या वसाहतीसाठी आयुष्याची कित्येक वर्षे दिली. २०२३ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. ती बातमी वाचली तेव्हा मनात आले, ज्या जागेवरून नजर वळवायला मी पेपर उघडत होतो, तीच जागा आज पेपरात आली.

मग मी गेलो. एकटा जायचा धीर नव्हता, देवळातले आम्ही चौघे निवृत्त गेलो. बरोबर घोंगड्या नेल्या. एका जाणत्या बाईंनी घोंगड्या पाहिल्या आणि हसून म्हणाल्या, ‘दादा, थंडी आली की सगळे घोंगड्याच आणतात. ठेवायला जागा नाही.’ काय हवे, असे विचारायचे आम्हाला सुचलेच नव्हते. आता विचारले. त्यांनी सांगितले ते ऐका. जखमेसाठी स्वच्छ पट्ट्या, कारण पायांना संवेदना नसते, खडा टोचला तरी कळत नाही. तळव्याला मऊ अशा रबरी चपला. रोज पाय पाण्यात भिजवून, घासून, तेल लावायचे असते, ते ज्यांना स्वतःला जमत नाही त्यांच्यासाठी कोणीतरी. आणि बँकेत, तहसील कचेरीत बरोबर येणारा माणूस. बोटेच नाहीत तर ठसा कसा उमटणार? संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला, हयातीचा दाखला, ही सगळी कामे अशीच अडतात.

मी जन्मभर कारकुनी केली. फॉर्म भरणे एवढेच मला येते. निवृत्त झाल्यावर ते कौशल्य रद्दीत गेले असे वाटत होते. त्या दिवशी कळले, माझी वाळकी काठी तीच!

निघताना एका मावशींनी चहा केला. दोन्ही तळव्यांत कप धरून माझ्यापुढे केला. खोटे कशाला सांगू, एक क्षण हात पुढे होईना. पायरीवरचा शिरा डोळ्यांपुढे आला. मग कप घेतला आणि प्यालो. मावशी म्हणाल्या, ‘साखर जास्त झाली का?’ मी म्हटले, ‘नाही हो, छान झालाय.’ एवढेच संभाषण. पण घरी येताना वाटले, आज सप्ताहाचे उद्यापन झाले.

आता आपण काय करायचे? आपल्यातले बहुतेक साठी ओलांडलेले. कोणाचे गुडघे, कोणाचा रक्तदाब. सगळ्यांनी पत्रीपुलाशीच गेले पाहिजे असे मी म्हणत नाही. आपल्या ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत प्रत्येक गल्लीत एखादी वाळकी काठी आहे. कुठे मुले परदेशी गेलेले एकटे आजोबा आहेत, कुठे शिकवणी न परवडणारी मोलकरणीची मुलगी आहे. दत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंत मधमाशी आहे. ती एका फुलाला ओरबाडत नाही, प्रत्येकाकडून थोडे घेते. म्हणून आपल्या परंपरेत मधुकरी. आमच्या देवळात आम्ही वेळेची मधुकरी सुरू केली आहे. ज्याने त्याने आठवड्यातला एक तास द्यायचा. कोणी अर्ज लिहितो, कोणी दवाखान्यात सोबत जातो, कोणी पट्ट्या कापून ठेवतो. ज्यांना घराबाहेर पडवत नाही अशा एक आजी एकट्या राहणाऱ्या तिघींना रोज सकाळी फोन करतात. तीही सेवाच.

चाळिसाव्या अध्यायातून मी तीन नेम घेतले, ते सांगतो.

पहिला, नेम मोडायचा नाही. नरहरीने त्रिकाळ पाणी घातले. सणाला हजार रुपये देऊन वर्षभर गायब होण्यापेक्षा दर गुरुवारी तासभर गेलेला बरा. आपली वाट पाहणारा माणूस तारीख मोजत असतो.

दुसरा, पालवी मोजायची नाही. पालवी फुटवणे हे कमंडलूतल्या पाण्याचे काम, आपले काम घागरीचे. माझे तीन अर्ज परत आले. चौथा मंजूर झाला तेव्हा ती बाई गावी निघून गेली होती. मन खट्टू झाले. पण नरहरीला सातव्या दिवसापर्यंत तरी काय दिसत होते? काठीच ना!

तिसरा, वरून सोडायचे नाही. द्यायचे ते हातात द्यायचे, आधी विचारून द्यायचे, देताना नाव विचारायचे. फोटो काढायचा नाही. आणि ते जे देतील ते घ्यायचे. पाणी देतील, चहा देतील, आशीर्वाद देतील. ज्याच्याकडून आपण काहीच घेत नाही, त्याला आपण बरोबरीचा मानत नाही, हे तो ओळखतो.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. घरातल्या किंवा कामाला येणाऱ्या कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, त्याला स्पर्श कळत नसेल, तर लपवू नका, महापालिकेच्या दवाखान्यात घेऊन जा. वेळीच गोळ्या सुरू झाल्या तर बोट न् बोट शाबूत राहते. एवढे केलेत तरी एका माणसाची पायरीवरची जागा वाचेल.

परवा दत्तजयंतीला आपण महाप्रसादाची पंगत मांडू. दुपारच्या वेळी गाणगापुरात महाराज कोणत्याही रूपात भिक्षेला येतात, अशी आपली श्रद्धा आहे. ते कोणत्या रूपात येतील हे आपल्या हाती नाही. पण त्यांच्यापुढे द्रोण कसा ठेवायचा, हे आहे. या वर्षी आमच्या पंगतीत वसाहतीतल्या मावशी आणि आणखी काही जण बसणार आहेत. वेगळ्या रांगेत नव्हे, आमच्याच रांगेत. वाढपी म्हणून मी नाव दिले आहे. त्या गृहस्थांचे नाव मला कधीच कळले नाही, म्हणून पहिला द्रोण त्यांच्या आठवणीने पायरीवर ठेवीन. वाकून, दोन्ही हातांनी.

आपणही या. येताना घागर भरून आणा.

श्री गुरुदेव दत्त.