कवचे कुणी बांधायची?

गणपतीच्या सुट्टीत माझा भाचा चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. रात्रीची आरती आणि पंगत आवरली की तो लॅपटॉप उघडून बसे, आणि वयपरत्वे झोप उडालेला मी त्याच्या शेजारी. खेळाचे नाव 'पाथफाइंडर : रॅथ ऑफ द राइटियस', २०२१ सालचा. एका कल्पित जगाला भेग पडली आहे, तीतून राक्षस येताहेत, आणि सहा जणांची एक टोळी त्यांच्याशी लढते आहे. राक्षस आणि वीर आपल्याला काही नवे नाहीत. मला नवल वाटले ते लढाईच्या आधीच्या तयारीचे.

दार उघडण्यापूर्वी भाचा थांबे आणि एकेका वीरावर एकेक मंत्र टाकू लागे. हा अंगाभोवती अदृश्य चिलखत बांधणारा, हा कातडी झाडाच्या सालीसारखी राठ करणारा, हा बैलाचे बळ देणारा, हा मरण थोपवणारा. मला आमच्या आजीची रामरक्षा आठवली. डोक्यापासून पायापर्यंत एकेका अवयवाला रक्षण मागत जायचे, दिवेलागणीला, मुलांना ओळीने बसवून.

इथे मात्र हिशेब कडक. दहाव्या पातळीचा मांत्रिक असेल तर 'मेज आर्मर' टिकते दहा तास, 'बार्कस्किन' शंभर मिनिटे, 'बुल्स स्ट्रेंग्थ' दहा मिनिटे आणि 'हेस्ट' अवघे एक मिनिट. एक मंत्र म्हणायला एक फेरा लागतो, म्हणजे सहा सेकंद. तेव्हा लांब टिकणारे आधी, अल्पजीवी अगदी शेवटी. क्रम चुकला तर शेवटचे कवच बांधेपर्यंत पहिले गळून पडायचे. ही मंत्र साठवण्या-खर्चण्याची कल्पना जॅक व्हॅन्स या अमेरिकन लेखकाच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातली. त्यातल्या तुर्जन नावाच्या मांत्रिकाच्या डोक्यात एका वेळी चारच मंत्र मावतात, आणि उच्चारला की मंत्र डोक्यातून जातो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा बैठा खेळ काढला, त्यात ही रीत आली; तिथून ती संगणकात उतरली.

दुसऱ्या रात्री पाहतो तर भाच्याने एकच बटण दाबले आणि सहाही वीर क्षणात झळाळून उठले.

"हे काय रे?"

"मॉड आहे मामा. 'बबलबफ्स' म्हणतात. कुणी कुणावर काय टाकायचं ते एकदा सांगून ठेवायचं, बस्स. दर दाराला तेच तेच करत बसायचं काय?"

"मग ही लबाडी नव्हे?"

"लबाडी कसली? मंत्र तेवढेच खर्च होतात की हो!"

मुख्याध्यापकाला या उत्तराने गप्प बसता येत नाही, ही आमच्या धंद्याची खोड. मी म्हटले, मंत्र तेवढेच, पण सगळे एकाच क्षणी सुरू झाले. हाताने टाकताना पहिल्याचे आयुष्य शेवटच्याची वाट पाहण्यात झिजत होते. ते झिजणे तू वाचवलेस. तो हसला आणि दार उघडून आत गेला.

मला मात्र एम. ए.ला वाचलेली पूर्वमीमांसा आठवत राहिली. तिथे कर्माचे दोन भाग करतात, प्रधान आणि अंग. आहुती प्रधान, तिच्यासाठी भात कांडणे हे अंग. मग शंका निघते : कांडण्याचा हेतू तूस काढणे एवढाच ना? नखांनी सोलले तरी तांदूळ तोच निघेल! मीमांसक म्हणतात, नाही. कांडूनच काढायचे, त्या नियमाचेही आपले एक अदृष्ट फळ आहे. विद्यार्थिदशेत मला हा निव्वळ हट्ट वाटे. पण तेच मीमांसक दुसरीकडे भलतेच उदार होतात. यजमानाने सगळी कामे दक्षिणा देऊन ऋत्विजांकडून करवून घ्यावीत, त्यांची हरकत नाही. फक्त द्रव्य सोडून देणे, ते आपले राहिले नाही असे म्हणणे, हे त्याचे त्यानेच करायचे. म्हणजे हात दुसऱ्याचे चालतील, सोडणारा मात्र तोच हवा. भाच्याच्या बटणाला हा निकाल लावला तर तो निर्दोष सुटतो. कुणाला कोणते कवच हे ठरवले त्यानेच. बटण हा त्याचा ऋत्विज.

मीही तसेच सोडून दिले असते. पण मला माझे वेळापत्रक आठवले.

बारा तुकड्या, एकोणीस शिक्षक. बावीस वर्षे मी ते शाळा उघडण्याआधी चार रात्री जागून, आलेखाच्या कागदावर शिसपेन्सिलीने केले. खोडरबराचा भुगा सतरंजीवर पडायचा, बायको कुरकुरायची. तीन वर्षांपूर्वी संगणकाकडे सोपवले. विषय, तासिका, नावे भरली आणि चहा निवायच्या आत कागद बाहेर! एकाही तासाची टक्कर नाही. मी इतका खूश झालो की स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

आमच्याकडे कन्नड शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या यजमानांचे डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी. त्या दोन दिवसांचे शेवटचे दोन तास मी त्यांना कित्येक वर्षे मोकळे ठेवत होतो. हे कुठे लिहिलेले नव्हते. त्यांच्या नावाशी पेन्सिल आली की ती आपोआप थांबायची, इतकेच. यंत्राने शुक्रवारचा शेवटचा तास त्यांना दिला. बाई काही बोलल्या नाहीत. दर शुक्रवारी त्यांच्या पुतण्याला कामावर रजा टाकून काकांना न्यावे लागत होते, हे मला जुलै अर्धा सरल्यावर शिपायाकडून कळले. मी धावत जाऊन विचारले, तुम्ही बोलला का नाहीत? त्या शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्ही ठरवूनच केलं असेल असं वाटलं मला."

सीमाभागात राहणाऱ्या वाचकांना या वाक्याचा अर्थ उलगडून सांगायला नको. मराठी शाळा, मराठी मुख्याध्यापक, कन्नडच्या बाई. माझ्या मनात नसलेली गोष्ट सहा आठवडे त्यांच्या मनात राहिली, कारण मी ठरवले ते आणि मी नुसते होऊ दिले ते, यांतला फरक त्या छापील कागदावर दिसत नव्हता. तास त्याच दिवशी बदलला. सहा आठवडे बदलता आले नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे यंत्र आहे आणि पेन्सिलही. आधी एका संध्याकाळी एकोणीस नावे वहीत लिहितो, प्रत्येक नावाशी थांबतो, काय आठवते ते नोंदतो. मग यंत्राला सांगतो. भाचा म्हणेल, मग तेही यंत्रातच भरून ठेवा की कायमचे. भरले असते, पण माणसांची दुखणी दरवर्षी तीच राहत नाहीत.

कंटाळा हा नेहमीच वाईट नसतो असे सांगणारे पुष्कळ भेटतात, विशेषतः दुसऱ्याच्या कंटाळ्याबद्दल. मला तसे म्हणायचे नाही. तेच तेच वीस वेळा टिचकवण्यात कसले पुण्य? ज्यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चे नियम २०१४ साली नव्याने बांधले, त्यांनी वेगळाच तोडगा काढला : एकाग्रता मागणारा मंत्र मांत्रिकाला एका वेळी एकच धरता येईल, आणि तडाखा बसला तर तोही सुटू शकेल. २०२३ सालचा 'बाल्डर्स गेट ३' याच नियमावर चालतो. तिथे बटणाची फारशी गरजच पडत नाही, कारण वीस कवचांचा ढीगच रचता येत नाही. एक निवडायचे आणि जपायचे. मला हा तोडगा आवडला. भाच्याला नाही, त्याला ढीग आवडतो.

शेवटच्या रात्री एका राक्षसाने उलटा मंत्र टाकून त्याच्या टोळीची काही कवचे उतरवली. 'डिस्पेल' म्हणतात त्याला. भाच्याने खेळ थांबवला आणि चित्राखालच्या बारीक खुणांवरून बोट फिरवू लागला. कोणती गेली, कोणती राहिली, त्याला सांगता येईना.

"मामा, डेथ वॉर्ड कुणावर होतं हो?"

मला काय ठाऊक! चष्मा पुसून मीही वाकलो. मी एकेक नाव वाचत गेलो, तो शोधत गेला. तिसऱ्या नावाशी सापडले. होते ते गेले होते.