लिहून ठेवणे हा अविश्वास नव्हे



काही दिवसांपूर्वी जुम्याच्या नमाजनंतर एक विधवा भगिनी आपल्या मुलाला घेऊन मशिदीत आल्या. त्यांच्या दिवंगत पतीने चुलतभावास धंद्यासाठी दोन लाख रुपये हातउसने दिले होते. चुलतदीर म्हणत होते, घेतले दीड लाख आणि त्यातील एक लाख फेडले. ते खोटे बोलत होते असे मला वाटले नाही. त्यांना तसेच आठवत होते. कागद नव्हता, साक्षीदारही नव्हता. "लिहून का घेतले नाही?" या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "घरच्या माणसाकडून काय लिहून घ्यायचे, मौलानासाहेब? त्यांना काय वाटले असते?"

हा संकोच आपल्या घराघरांत आहे. म्हणून प्रश्न असा, की आप्ताकडून लिहून घेणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे होय काय?

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल-बकराची 282 वी, नमाज वा रोजाविषयी नाही. ती कर्ज लिहून ठेवण्याविषयी आहे. तिचे संबोधन ईमानधारकांना आहे, म्हणजे ज्यांनी परस्परांवर विश्वास ठेवावा अशांनाच. मुदत ठरवा, न्यायाने लिहा, दोन साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नका, असा तिचा आशय आहे. मजकूर कोणी सांगावा? धनकोने नव्हे, ज्याच्यावर देणे आहे त्याने. ऋणको दुबळ्या बाजूचा असतो, म्हणून शब्द त्याच्या तोंडचे असावेत. याचा अर्थ, कागद ऋणकोला जखडण्यासाठी नसून त्याच्याही संरक्षणासाठी आहे.

वरील प्रसंगच पाहा. शरियतच्या न्यायात पुरावा दावा करणाऱ्याने द्यावयाचा आणि शपथ नाकारणाऱ्याने घ्यावयाची. रक्कम दोन लाख होती, हा दावा भगिनींचा. एक लाख फेडले, हा दावा दिरांचा. पुरावा दोघांकडेही नव्हता. कागद असता तर दोघांचीही बाजू राखली गेली असती. अविश्वास माणसावर दाखवायचा नसतो. स्मरणशक्तीचा आणि आयुष्याचा मात्र भरवसा नाही, हे मान्य करायचे असते.

बहुसंख्य फकीहांच्या मते हे लिखाण वाजिब नसून मुस्तहब आहे, कारण पुढील आयतीत परस्पर विश्वास असल्यास अमानत प्रामाणिकपणे परत करण्याची मुभा आहे. त्याच आयतीत तारणाचाही उल्लेख आहे. स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे चिलखत एका यहुदी व्यक्तीकडे तीस साअ जवाच्या बदल्यात तारण होते. ज्यांना लोक 'अल-अमीन' म्हणत, त्यांनी तारण ठेवण्यात कमीपणा मानला नाही; मग आपण का मानावा?

मात्र धनकोलाही मर्यादा आहेत. तारण ही सुरक्षा आहे, कमाई नव्हे. कर्जाच्या बदल्यात ठरवून घेतलेला लाभ व्याजच होय. गहाण ठेवलेले दागिने लग्नात मिरवणे योग्य नाही. मुंबईत 'हेवी डिपॉझिट'च्या नावाने मोठी रक्कम देऊन विनाभाडे राहण्याची जी रीत आहे, तीही याच कारणाने अनेक उलेमांनी नाजायज ठरवली आहे. ऋणको खरोखर अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी आणि माफ करणे अधिक उत्तम, असे कुरआनाचे मार्गदर्शन आहे. ऐपत असूनही टाळाटाळ करणे मात्र हदीसनुसार जुलूम आहे.

देशाचा कायदाही जाणून घ्या. 20,000 रुपये वा त्याहून अधिक रकमेचे कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची मनाई आहे; व्यवहार बँकेतून करा, म्हणजे नोंदही आपोआप राहते. वचनचिठ्ठीवर रक्कम, तारीख व सह्या असाव्यात. परतफेडीची तारीख ठरली नसेल, तर दाव्याची तीन वर्षांची मुदत पैसे दिल्याच्या दिवसापासूनच चालू होते. त्या मुदतीत ऋणकोने देणे लेखी मान्य करून सही केली, तर मुदत नव्याने मोजली जाते.

पण येथे ऋणको बंधूंनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. तीन वर्षांनी न्यायालयाचे दार बंद होते. देणे मात्र संपत नाही. मुदत उलटल्यावरही फेडण्याचे लेखी वचन दिले, तर आपला करार कायदा ते ग्राह्य धरतो. मग अल्लाहच्या दरबारात ते कसे संपेल? एका मृताच्या जनाजासमोर प्रेषितांनी (स.) विचारले, याच्यावर कर्ज आहे का? तीन दीनार, असे उत्तर आले. त्यांनी स्वतः नमाज पढवली नाही, हजरत अबू कतादा (र.) यांनी ते देणे आपल्या अंगावर घेतले, तेव्हाच पढवली. वारसाहक्काची वाटणीही कर्ज फेडल्यानंतरच करावयाची असते.

त्या दोन्ही घरांत अखेर सुलह झाली. रक्कम ठरली, ती दिलीही गेली. परंतु ईदला होणारे येणेजाणे अजून पूर्ववत झालेले नाही. संबंध जपण्यासाठी जो कागद टाळला, त्याच्या अभावीच संबंध दुरावले.

म्हणून आज घरी एक वही काढा. कोणाला दिले आणि कोणाकडून घेतले, दोन्ही लिहा, आणि ती वही कोठे आहे हे पत्नीला व मुलांना सांगून ठेवा. अल्लाह आपणा सर्वांना कर्जाच्या ओझ्यापासून वाचवो आणि देणे वेळेत फेडण्याची तौफीक देवो. आमीन.