असामान्य असल्याचा पुरावा

पाटबंधारे खात्यात असताना मी हाताखालच्या माणसांचे पुष्कळ गोपनीय अहवाल लिहिले. विशेषणांची किंमत कशी घसरते ते तिथे कळतं. सगळेच ‘अत्युत्कृष्ट’ ठरले की शेरा वाचण्याचे कष्ट कुणी घेत नाही. त्यामुळे भातसा धरणाच्या वसाहतीत, भातसानगरला, आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये वाढलेली मुलगी दिवाळीत आली आणि अमेरिकेच्या व्हिसाची फाइल पुढे करून “काका, जरा वाचून बघा” म्हणाली, तेव्हा मी ती त्याच सवयीने वाचली.

ती भातावरच्या करप्यावर संशोधन करते. तिथल्या विद्यापीठात एच-१बी व्हिसावर आहे. विद्यापीठांना त्याची लॉटरी लागू नाही, पण साधारण सहा वर्षांची मर्यादा आहेच. पुढची वाट दुहेरी. ओ-१ व्हिसा नोकरी देणाऱ्याने मागायचा; तो आधी तीन वर्षांपर्यंत मिळतो, मग वाढवून घेता येतो. ईबी-१ए म्हणजे थेट ग्रीन कार्ड, आणि त्याचा अर्ज स्वतःच करता येतो. दोन्हींची सोय १९९०च्या कायद्यातली. ईबी-१एसाठी नोबेलच्या तोडीचा एक पुरस्कार हवा, नाहीतर दहापैकी तीन निकष पुरे करायचे: प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, इतरांच्या कामाचं परीक्षण, मोठ्या महत्त्वाचं मूळ संशोधन, भरघोस पगार वगैरे. (एक निकष नाटक-सिनेमाच्या गल्ल्याचा आहे. तो तिने सोडून दिला.) तीन भरले तरी अधिकारी सगळं एकत्र घेऊन पुन्हा तोलतो.

एक गोष्ट मला आवडली. ज्याने तुमच्याबरोबर कधी काम केलेलं नाही, अशा शास्त्रज्ञाच्या पत्राला जास्त वजन. आमच्याकडे नेमकं उलट, साहेबाची मर्जी हाच दाखला. पण तिच्या टिपणावर वकिलाने मारलेल्या रेघा बघून मी थबकलो. जिथे जिथे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचं काम म्हणून लिहिलं होतं, तिथे त्याने विचारलं होतं, यातलं तुमचं एकटीचं काय? प्रश्न बिनतोड होता. तरी धरणावर उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला तो कसा सोडवावा कळेना. भातसाचं धरण कुणा एकाचं म्हणून दाखवता येईल का? तिने मात्र शांतपणे खुणा केल्या: ही कल्पना माझी, हा प्रयोग दुसऱ्याचा.

एवढं करूनही तिचा जन्मदाखला आडवा येतो. ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाचा वाटा सात टक्क्यांपुरता, आणि देश धरायचा तो जन्माचा. ‘असामान्यां’नाही भारतात जन्मल्यामुळे रांगेत थांबावं लागतं. नवरा दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्याची रांग धरता येते, असं तिने सांगितलं. तिची आई ते ऐकून आत निघून गेली.

मला खानखोजे आठवले. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले. पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयात प्राध्यापक झाले, मका-गव्हाच्या वाणांवर काम केलं, आणि दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. आजच्या वकिलाला यातून निकष सहज काढता आले असते. पण स्वातंत्र्यानंतर त्यांनी मायदेशी येण्यासाठी व्हिसा मागितला, तेव्हा आपल्याच सरकारने तो आधी नाकारला. ब्रिटिशांनी घातलेली बंदी कागदावर तशीच होती. नागपूरला ते कायमचे परतले ते १९५५ साली.

मुंबईच्या पाण्यातलं जवळपास निम्मं भातसाचं, आणि उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकर. त्यामुळे ‘पाणीही गेलं, पोरंही गेली’ असं म्हटलं की इथे हमखास टाळी पडते. मला ते पटत नाही. पाण्याला कुणी विचारत नाही. हिने विचार केला होता. रामलिंगस्वामी फेलोशिपवर परत यायचं तिच्या मनात होतं, पण ती पाच वर्षांची. पुढची कायमची नोकरी आपली आपण शोधायची, आणि तेव्हा वय चाळिशीपार.

शेवटी दोन्ही अर्ज करायचे ठरले. जादा फी भरली की ओ-१वर कामकाजाच्या पंधरा दिवसांत उत्तर येतं. मग तो होकार असो, नकार असो, की आणखी कागदांची मागणी.