विकत घेणाऱ्याचा वाटा

ज्याने शस्त्र उचलले नाही, केवळ पैसे मोजले, त्याच्याकडे हिंसेच्या दोषाचा किती वाटा जातो, हा प्रश्न महाभारताने दोन ठिकाणी हाताळला आहे आणि दोन्ही ठिकाणची उत्तरे एकमेकांशी सहजासहजी जुळत नाहीत. अनुशासनपर्वात मांसभक्षणाची चर्चा करताना भीष्म विकत घेणारा, खाणारा आणि प्रत्यक्ष मारणारा अशा तिघांनाही घातकांच्या रांगेत बसवतात. घेणाऱ्याचे शस्त्र म्हणजे त्याचे धन. वनपर्वातला मिथिलेचा धर्मव्याध मात्र मांस विकतो, पण स्वतः पशू मारीत नाही, इतरांनी मारलेल्यांचेच मांस विकतो, आणि हे सांगताना त्याचा स्वर अपराध्याचा नसून धर्म जाणणाऱ्याचा आहे. शिवाय कौशिक ब्राह्मणाला तो हेही ऐकवतो की नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरतात, तेव्हा हिंसेचा स्पर्श न होता जगणे कोणालाही साधलेले नाही. पहिले मत साखळीतल्या प्रत्येक हाताला जबाबदार धरते; दुसऱ्याचा रोख असा, की साखळीबाहेर कोणीच उभा नसल्यामुळे प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काम कसे होते ते आधी पाहावे.

या दोन मतांची आजच्या काळात परीक्षा घ्यायची, तर कोकण किनाऱ्यावरच्या मासेमारी होडीची बॅटरी हे उदाहरण मुद्दाम निवडण्याजोगे आहे. होडीचा व्यवसायच जीव पकडण्याचा असल्याने तिथे निर्दोषतेचा आव आणण्याची सोय सुरुवातीपासून नाही, आणि तरीही दोन वस्तूंपैकी एक निवडण्याचा प्रश्न शिल्लक राहतोच. इंजिनाचा सेल्फ फिरवणे, वायरलेस, जीपीएस, पाण्याखालचे थवे दाखवणारा फिशफाइंडर आणि रात्रीचे दिवे ही कामे बॅटरीवर चालतात. पर्याय मुख्यतः दोन आहेत. पहिली शिसे आणि गंधकाम्ल यांची जुनी बॅटरी, जी फ्रान्समध्ये गास्ताँ प्लाँते याने 1859 मध्ये सिद्ध केली आणि जिची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही. दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेटची, म्हणजे जिच्या धनाग्रात लोह आणि फॉस्फेट असते आणि कोबाल्ट मुळीच नसते अशी बॅटरी.

नाखवा या दोहोंची तुलना पैशात आणि वजनात करतो, आणि ती चुकीची नाही. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी साधारण 25 ते 30 किलो भरते, तर तेवढ्याच क्षमतेची लिथियमची 10 ते 14 किलोंत बसते. शिशाची बॅटरी वारंवार निम्म्याहून अधिक उतरवली तर तिच्या प्लेटा लवकर खराब होतात, म्हणून तिची अर्धीच क्षमता वापरायची; लिथियमची 80 टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येते, आणि शिशाच्या बॅटरीची भरण्या-उतरण्याची आवर्तने काही शेकड्यांत संपत असताना तिची हजारांत मोजली जातात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत अर्धवट उतरलेली शिशाची बॅटरी तशीच पडून राहिली, तर प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर चढतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून होडी लोटायची वेळ येते तेव्हा ती बसलेली असते. उलट बाजूही आहे: शिशाची बॅटरी दुबळी होत होत दिवे मंदावून आगाऊ सूचना देते, तर लिथियमच्या पोटातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक धोका दिसताच पुरवठा एका क्षणात तोडतो, आणि तो क्षण किनाऱ्यापासून दूर, वायरलेसची गरज असतानाच येऊ शकतो.

एवढ्या हिशेबानंतर निवड संपली असे मानता येईल. परंतु दोन्ही वस्तूंचा मोठा भाग होडीबाहेर घडतो. शिशाच्या बॅटरीचे हिंसाक्षेत्र तिच्या शेवटात आहे. रक्तातील शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या 2020 च्या अहवालाने जगातील सुमारे 80 कोटी मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर 5 मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज मांडला आणि त्याचे एक प्रमुख कारण म्हणून जुन्या बॅटऱ्यांच्या अनधिकृत पुनर्वापराकडे बोट दाखवले. कुऱ्हाडीने खोका फोडायचा, ॲसिड जमिनीवर ओतायचे आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवायचे, ही त्या धंद्याची रीत. यातली चमत्कारिक गोष्ट अशी, की शिसे हा पुन्हा पुन्हा वापरता येणारा धातू असून नीट चालवलेल्या कारखान्यात बॅटरीतले जवळजवळ सगळे शिसे परत मिळते. म्हणजे दोष धातूच्या स्वभावात जितका आहे, त्याहून अधिक तो कोणाच्या हाती सोपवला जातो यात आहे. लिथियमचे हिंसाक्षेत्र तिच्या आरंभाकडे सरकलेले दिसते. चिलीतल्या आताकामा खारभूमीत खाऱ्या द्रवाचे बाष्पीभवन करून लिथियम काढले जाते आणि त्या वाळवंटी प्रदेशातल्या मूळ रहिवाशांचा पाण्यावरून त्याला जुना आक्षेप आहे. काँगोतील कोबाल्टच्या खाणींतल्या बालमजुरीचा डाग सर्रास सगळ्याच लिथियम बॅटऱ्यांना लावला जातो. होडीत बसणाऱ्या आयर्न फॉस्फेट प्रकाराला तो लागू पडत नाही, आणि नैतिक चर्चा करणाऱ्याने निदान एवढे रसायनशास्त्र माहीत करून घ्यायला हरकत नाही.

मग आताकामातल्या पाण्याचा आणि भट्टीशेजारच्या मुलाच्या रक्ताचा नाखव्याशी संबंध कोणता? योगसूत्रांनी हिंसेचे कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकरवी करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पण संमती दिलेली. दुकानातून बॅटरी घेणे हे पहिल्यात नक्कीच बसत नाही. ते दुसऱ्यात बसवायचे तर खाणवाल्याने या खरेदीदारासाठी खणले असे म्हणावे लागेल, आणि बौद्ध परंपरेने नेमका हाच धागा पकडला आहे. मज्झिमनिकायातल्या जीवक सुत्तानुसार भिक्षूसाठी पशू मारल्याचे दिसले, ऐकू आले किंवा तसा संशय आला, तर ते मांस त्याने स्वीकारू नये. अन्यथा स्वीकारण्यास बाधा नाही. या कसोटीवर बॅटरी सहज सुटते, कारण ती कोणा एकासाठी बनलेली नसते. पण ही सुटका फार स्वस्त आहे. ती कसोटी भिक्षापात्रात पडेल ते घेणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून घडली आहे, दोन वस्तूंच्या किमती ताडून पाहणाऱ्या ग्राहकाला नव्हे. आणि बाजार कोणा एकासाठी काही बनवत नसला, तरी सर्वांसाठी बनवतो तेव्हा ते प्रत्येकाच्या पैशाच्या भरवशावरच बनवतो. भीष्मांची मांडणी इथे अधिक खरी ठरते.

जैन आचारशास्त्राकडे वळले तर प्रश्न बॅटरीपर्यंत पोहोचतच नाही. तिथे गृहस्थाला शेती-व्यापारात अटळपणे घडणारी उद्योगी हिंसा काही मर्यादेत क्षम्य असली, तरी जाणूनबुजून जीव मारण्याची संकल्पी हिंसा वर्ज्यच आहे, आणि मासेमारी दुसऱ्या वर्गात पडते. ही भूमिका सुसंगत आहे; मात्र कोळी, गाबीत किंवा दालदी कुटुंबाला ती धंदा सोडण्यापलीकडे काही सांगत नाही, आणि पिढ्यान् पिढ्या दर्यावर जगणाऱ्यांशी बोलताना तेवढे पुरेसे नाही.

हान्स योनास या जर्मन-ज्यू तत्त्वज्ञाने 1979 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या जबाबदारीविषयक ग्रंथात असे दाखवले, की जुन्या नीतिशास्त्रांची सगळी बांधणी जवळच्या माणसांसाठी आणि जवळच्या काळासाठी झाली होती, तर आधुनिक तंत्रज्ञानाचे परिणाम या दोन्ही सीमा ओलांडून जातात. हे निदान मान्य केले तरी त्यातून दूरचे आणि जवळचे सारखेच, असा निष्कर्ष निघत नाही. विकत घेणाऱ्याचा वाटा खरा आहे, पण तो जिथे त्याचा हात पोहोचतो तिथे सर्वांत जड होतो. आताकामातल्या बाष्पकुंडावर एका नाखव्याचा परिणाम नगण्य आहे. आपल्या होडीतून उतरलेली 30 किलोंची बॅटरी भंगारवाल्याला द्यायची की नव्या बॅटरीच्या बदल्यात अधिकृत विक्रेत्याला, हा निर्णय मात्र सर्वस्वी त्याचाच असतो, आणि त्या क्षणी तो कृताच्या अगदी जवळ येऊन उभा असतो. त्याच न्यायाने होडीवरच्या खलाशांचा जीव सर्वांत जवळचा ठरतो. बंदिस्त जागेत चार्ज होणाऱ्या शिशाच्या बॅटरीतून सुटणारा हायड्रोजन, खारे पाणी ॲसिडात शिरल्यास निर्माण होणारा विषारी क्लोरीन, किंवा अकस्मात बंद पडलेला वायरलेस यांचा विचार खाणींच्या विचाराआधी यावा लागतो, आणि सेल्फसाठी शिसे व बाकी उपकरणांसाठी लिथियम अशी मिश्र व्यवस्था अनेकदा त्यातूनच योग्य ठरते.

यामुळे शिशाची बॅटरी घेणारा पापी आणि लिथियम घेणारा शुचिर्भूत, ही सध्या फॅशनमध्ये असलेली विभागणी टिकत नाही. परतीची वाट नीट असेल तर शिसे घेणाऱ्याचा वाटा हलका होतो. उलट लिथियमच्या जुन्या बॅटरीत भंगारवाल्याला मोलाचे वाटेल असे फारसे काही नसते, त्यामुळे ती परसात पडून राहण्याचीच शक्यता अधिक. भारताच्या 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी दोन्ही प्रकारांची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, परंतु उत्पादकाचे जाळे शहरात असते आणि बॅटरी बंदरावर. भंगारवाला रोख पैसे देऊन दारातून माल उचलतो, तेव्हा अधिकृत केंद्रापर्यंतची खेप आणि बुडालेला दिवस यांचा भुर्दंड एकट्या होडीवाल्याने सोसावा, ही अपेक्षा नीतीच्या नावाने केलेली अरेरावी ठरेल. ज्या मच्छीमार सहकारी संस्था सभासदांना डिझेल आणि बर्फ पुरवतात, त्यांनीच बंदीच्या दोन महिन्यांत जुन्या बॅटऱ्या वजनावर जमा करून एकगठ्ठा अधिकृत कारखान्याकडे पाठवल्या, तर धनाने घडणाऱ्या हिंसेतला हा वाटा एकेकट्याच्या सदसद्विवेकावर सोडावा लागणार नाही.