ही ट्यूब कोणाची?

उभी राहा. कोणाची ते विचारायला नको, कंपासपेटीवर नाव तुझंच आहे. बाकीच्यांनी हसू नका. तुम्हा सातजणींत ही एकच ट्यूब फिरते आहे, एवढं बावीस वर्षं शिकवल्यावर कळतं मला.

मागची बारीक अक्षरं वाच. मोठ्याने! मोमेटासोन. म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही मलमं विकायची नाहीत असा नियम 2018 साली झाला, तरी दुकानदाराने शाळेच्या पोरीला ती दिली. का, तर मामेबहिणीच्या लग्नात तुला उजळ दिसायचंय. दिसशील, थोडे दिवस. मग कातडी पातळ होईल, पुटकुळ्या येतील, गालावर लव वाढेल. घाबरून थांबवलंस की तोंड लालभडक होऊन आग आग होईल, आणि ती शमवायला पुन्हा हेच चोपडशील.

सहामाहीत मेलॅनिनवर प्रश्न होता. अतिनील किरणांपासून ते त्वचेला वाचवतं, असं सुवाच्य अक्षरात लिहून तीनपैकी तीन गुण घेतलेस. रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांच्या कातडीत साधारण सारख्याच असतात, फरक त्या किती रंग बनवतात एवढाच, हेही फळ्यावर लिहिलं होतं. आणि घरी जाऊन तेच मेलॅनिन पुसायला निघालीस! मी शिकवलं कोणाला, भिंतीला?

आता दात काढणाऱ्यांनी ऐका. संमेलनाच्या नाचात हिला मागच्या रांगेत कोणी ढकललं? ‘लाइटमध्ये तू दिसणारच नाहीस गं’ हे कोण म्हणालं? आणि खिडकीजवळच्या त्या मुलीला ‘टँकर’ नाव कोणी ठेवलं? ती आठ दिवस डबा उघडत नव्हती. परवा प्रार्थनेला कोसळली, तेव्हा पाणी घेऊन धावलात तुम्हीच. सरकारच्या 2019-21 च्या पाहणीत 15 ते 19 वयाच्या दर शंभर मुलींमागे 59 जणींना रक्तक्षय निघाला. लोहाची निळी गोळी देते ती खिडकीबाहेर फेकायला नाही. कोण फेकतं तेही ठाऊक आहे. ओठ पांढरे पडले की त्याला गोरेपणा म्हणत नाहीत बायांनो, हिमोग्लोबिन उतरलं म्हणतात.

‘आई म्हणते, रंगावरून स्थळं अडतात.’ म्हणत असेल. तुझी आई लहान असल्यापासून तिला हेच ऐकवलंय. 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली, आणि काळी मुलगी ट्यूब लावते, उजळते, मग तिला नोकरी नाहीतर नवरा मिळतो, ही गोष्ट जाहिरातींनी घरोघर पोचवली. 2020 साली नावातला ‘फेअर’ गेला, ‘ग्लो’ आला. आपल्याकडच्या पत्रिकेतला ‘वर्ण : गोरा’ मात्र जागचा हललेला नाही. आणि विठोबा काळाच आहे, हे कोणी ऐकवू नका मला. त्याला स्थळं बघायची नव्हती.

काय गं, काय पुटपुटलीस? ‘बाई, तुम्हीपण गोऱ्या मुलींनाच पुढे करता’? उभी राहा. नाही, रागावले नाही, मोठ्याने सांग सगळ्यांना. खरं आहे ते. ग्रंथालयातला संमेलनाचा अल्बम काढा. पाहुण्यांना ओवाळायला ताम्हन घेऊन उभ्या असलेल्या मुली बघा, वर्षानुवर्षं एकाच रंगाच्या. निवड माझी होती. कोणी सांगितलं नव्हतं, माझंच बोट तिकडे जायचं.

यंदा ताम्हन हजेरीपटाच्या क्रमाने. गाल कोणाचे कसेही असोत, निरांजन विझू द्यायचं नाही. ट्यूब उद्यापर्यंत माझ्याकडे राहील. उद्या आईला घेऊन ये, आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं, मनाने एकदम बंद करायची नाही. नाचाच्या रांगा मी स्वतः लावणार आहे, उंचीप्रमाणे.

बसा. डबे काढा. सगळ्यांनी, खिडकीजवळचीनेसुद्धा. मी इथेच उभी आहे.