काटकसर आणि प्राण

मार्गशीर्ष सरून पौष लागला, की ग्वाल्हेरच्या थंडीचे खरे स्वरूप प्रकट होऊ लागते. येथे पिढ्यान्‌पिढ्या वास्तव्य करून असलेल्या आपल्या कुटुंबांना ती आता परकी राहिलेली नाही. तथापि पारा ४-५ अंशांवर उतरला, म्हणजे प्रत्येक घरात दोन विचार एकाच वेळी जागे होतात. घरात ऊब हवी, हा पहिला. आणि विजेचा व इंधनाचा खर्च आवरला पाहिजे, हा दुसरा. दोन्ही विचार रास्तच आहेत. परंतु त्यांचा परस्परांशी विरोध आला असता माघार कोणी घ्यावी, हा प्रश्न केवळ व्यवहाराचा नसून नीतीचाही आहे, असे आम्हांस वाटते.

काटकसर हा सद्गुण आहे, याविषयी वाद नाही. आपल्या देशातील बहुतांश वीज अद्यापि दगडी कोळशापासून निर्माण होते. तो कोळसा खाणीतून काढणाऱ्याचे कष्ट आणि त्याच्या धुराचा उपद्रव, हे दोन्ही आपल्या घरातील बटणापासून दूर असतात, म्हणून ते आपणांस दिसत नाहीत इतकेच. दरवर्षी १४ डिसेंबर हा दिवस राष्ट्रीय ऊर्जा संरक्षण दिन म्हणून पाळला जातो, त्याचे मर्म हेच होय. जे सर्वांचे आहे, त्यातून आपल्या गरजेपुरतेच घ्यावे.

परंतु सद्गुणालाही प्रमाणाचे भान लागते. थोडा हिशेब करून पाहू. ९ वॉटचा दिवा जिन्यात रात्रभर, म्हणजे १० तास जळला, तर एका युनिटाचा दहावा हिस्सादेखील खर्च होत नाही. उलट १५ लिटरची एक बादली पाणी स्नानापुरते तापविण्यास जवळजवळ अर्धे युनिट लागते. आणि १००० वॉटचा हीटर तासाभरात पूर्ण युनिट संपवितो. असे असता, कित्येक घरांत गीझर तासन्‌तास चालू राहतो आणि जिन्यातला दिवा मात्र काटकसर म्हणून मालविला जातो! पहाटे काळोखात उठलेली आजी त्या जिन्यावरून पडली, तर वाचविलेल्या विजेचे मोल काय? ही काटकसर नव्हे, काटकसरीचा केवळ देखावा होय.

याहून गंभीर प्रसंग शेगडीचा. दारे-खिडक्या घट्ट लावून, फटींत चिंध्या कोंबून, खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवून निजावे, म्हणजे थोड्या कोळशात रात्रभर ऊब मिळते, असा हिशेब अनेक घरी केला जातो. हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. चूक आहे ती त्यातून गाळलेल्या गोष्टीत. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्यास प्राणवायूहून २०० पटींपेक्षा अधिक आवेगाने धरून ठेवते. प्रथम डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. आणि निजलेल्या माणसास तेवढेही कळत नाही. धूर नाही म्हणजे भय नाही, हा समज खोटा आहे. जवळ पाण्याचे भांडे ठेवल्यानेही हा वायू नाहीसा होत नाही. प्रसिद्ध फ्रेंच लेखक एमिल झोला यांचा १९०२ साली पॅरिस येथे स्वतःच्या शयनगृहात याच विषाने अंत झाला. बंद न्हाणीघरातील गॅसचा गीझरही असाच घात करू शकतो.

म्हणजे ऊब राखावयाची तर दार लावावे लागते, आणि प्राण राखावयाचा तर उघडावे लागते. येथे निर्णय कोणत्या तत्त्वावर करावा? आमच्या मते तत्त्व सरळ आहे : बचत उधळपट्टीतून करावी, श्वासातून कदापि करू नये. जोवर विस्तव पेटलेला आहे, तोवर खिडकी उघडी असलीच पाहिजे. तिच्यातून जी ऊब बाहेर जाते, ती वाया गेली असे समजू नये. आणि निजण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर, उघड्यावर गेलीच पाहिजे. मग रजई आणि लोकरी कपडे आहेतच. दुपारी ऊन आत घ्यावे, सांजवेळी खिडक्या लावाव्यात. विस्तव नसलेल्या खोलीच्या फटी खुशाल बुजवाव्यात. अशा काटकसरीने कोणाचेही अहित होत नाही.

आणखी एक गोष्ट. घरातील बचतीचा निर्णय बहुधा कर्ता पुरुष घेतो. थंडी मात्र सोसतात वृद्ध माणसे आणि तान्ही मुले. उतारवयात शरीराची ऊब राखण्याची शक्ती क्षीण होते, आणि थंडी वाजत असूनही 'मला काही नको' असे म्हणण्याची आपल्या वडीलधाऱ्यांची रीत आहे. ती रीत पुढे करून त्यांचा हीटर बंद करणे, हा त्यांच्या त्यागाचा गैरफायदा नव्हे काय? त्याग स्वतःच्या वाट्याचा करावयाचा असतो. आपल्या कढत पाण्याची एक बादली कमी करावी. आजोबांच्या खोलीतील ऊब नव्हे.

हाच न्याय उंबरठ्याबाहेरही लागू आहे. रात्री बंद खोपटात बसणाऱ्या पहारेकऱ्यास आपण दयाबुद्धीने कोळसा देतो. त्या दानासोबत 'दार उघडे ठेवा, आत शेगडी ठेवून निजू नका', हे दोन शब्द देणेही आपले कर्तव्य आहे; आणि जमेल तर कोळशाऐवजी एक चांगली घोंगडी द्यावी. संक्रांत जवळ आली आहे. तिळगुळासोबत वाचकांनी हा विचारही शेजारच्या घरी पोहोचवावा, एवढीच आमची विनंती आहे.