दोष न देता विचारलेले प्रश्न

विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, ‘मारणारा कोण, कोणत्या कुळाचा, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही.’ आणि तो मरतो. भगवंतांनी मालुंक्यपुत्ताला सांगितलेला हा दृष्टांत आपल्या परिचयाचा आहे.

अमेरिकेतील पहिले विषनियंत्रण केंद्र १९५३ साली शिकागोत सुरू झाले. आज अशा केंद्रांत फोनवर बसणाऱ्या नर्स आणि फार्मासिस्टही प्रश्न विचारतात: काय घेतले, किती, केव्हा, वजन किती? ‘तुमचे लक्ष कुठे होते?’ हे मात्र विचारत नाहीत.

ही केवळ सभ्यता नव्हे. टायलेनॉल प्रमाणाबाहेर गेले तरी पहिल्या दिवशी माणूस ठीक दिसू शकतो. यकृताची हानी नंतर कळते. उतारा आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत गुणकारी ठरतो. आईने लाजेपोटी गोळ्यांचा आकडा कमी सांगितला, तर तेच तास वाया जातात. दोष देणाऱ्याला खरे उत्तर मिळत नाही.

प्रज्ञेविना करुणा ‘उलटी करवा’ म्हणेल. पण दाहक रसायन उलटीबरोबर वर येताना घसा पुन्हा भाजते. करुणेविना प्रज्ञेला माहितीच मिळणार नाही.

मग निष्काळजीपणाचे काय? त्याबद्दल जरूर बोलावे. पण धोका टळल्यावर, आणि बाटली कुलपात जावी म्हणून.

१-८००-२२२-१२२२ हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे, दुभाषीही मिळतो. माणूस बेशुद्ध असेल किंवा श्वास घेता येत नसेल, तर थेट ९११.